परदेशी टोमॅटो लाइन्स संशोधनासाठी मागवताना : परवाना आधी, पार्सल नंतर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टोमॅटोच्या मर रोगाच्या प्रतिकारकतेवर तुमची पीएच.डी. चालू आहे. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने चाळीसेक लाइन्स, म्हणजे पैदाशीसाठी वेगळे जपलेले वंश, द्यायचं कबूल केलंय, त्यात काही रानटी जाती आहेत. शिवाय काही लाइन्सची वाळवलेली पानं आणि फ्युजेरियम या मर रोगाच्या बुरशीच्या तिसऱ्या रेसचं, म्हणजे उपप्रकाराचं, एक जिवंत कल्चर द्यायलाही ते तयार आहेत. तिकडचा मित्र डिसेंबरमध्ये पुण्याला येणार आहे. हे सगळं त्याच्या बॅगेतून आलं तर चालेल का, की कुरिअरवर 'नमुना, व्यावसायिक मूल्य नाही' असं लिहून भागेल, आणि रीतसर मागवायचं तर किती वेळ जाईल, हे तुम्हाला हवंय.

बॅगेतून नाही. साध्या कुरिअरनेही नाही. पेरणीचं बी, मग ते दहा दाणे का असेनात, आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला, असल्याशिवाय भारतात आणता येत नाही. १९१४ च्या विध्वंसक कीटक व कीड कायद्याखाली २००३ मध्ये निघालेल्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरमध्ये, म्हणजे वनस्पतींसोबत येणाऱ्या रोग-किडी रोखण्याच्या आदेशात, ते स्पष्ट आहे. 'व्यावसायिक मूल्य नाही' हे वाक्य सीमाशुल्कासाठी असतं. क्वारंटाइनला तुमच्या बियाण्याच्या किमतीशी काही घेणंदेणं नसतं, त्याच्यावर काय बसून आलंय याच्याशी असतं.

मी जालन्यात बियाणे संशोधनात आहे आणि परदेशी जननद्रव्य, म्हणजे पैदाशीसाठी लागणारं बी-साहित्य, मागवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यावरून सांगतो, तुमची खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पुडक्यात मागवताय. बी, वाळकी पानं आणि जिवंत बुरशी यांचे रस्ते वेगळे, परवाना देणारी कार्यालयं वेगळी आणि धोकेही वेगळे. एकत्र पाठवल्या की सगळ्यात अवघड वस्तूमुळे बाकीच्याही अडकतात. एका संस्थेचं उत्तम बी मी विमानतळावर पडून राहिलेलं पाहिलंय. पाठवणाऱ्याने आपल्या मनानेच त्यात चार पेट्री डिश टाकल्या होत्या आणि त्यांचा एकाही कागदावर उल्लेख नव्हता.

आधी बियाण्याचं बघू, कारण तुमच्या कामाचा जीव त्यात आहे.

संशोधनासाठी थोड्या प्रमाणात येणाऱ्या जननद्रव्याचा परवाना दिल्लीच्या पुसा कॅम्पसमधल्या एनबीपीजीआरचे, म्हणजे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे, संचालक देतात. विक्रीसाठी येणाऱ्या बियाण्याचा मार्ग वेगळा आहे, त्याचे फॉर्म तुमच्या कामाचे नाहीत. तुमचा अर्ज पीक्यू ०८ या फॉर्ममध्ये आणि परवाना पीक्यू ०९ मध्ये. ब्युरोचं अकोल्यालाही केंद्र आहे म्हणून बरेच विद्यार्थी तिथे विचारायला जातात, पण हा परवाना दिल्लीहूनच निघतो. अर्ज तुमच्या नावाने जाणार नाही, विद्यापीठामार्फत, मार्गदर्शकांच्या आणि सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने जाईल. विद्यापीठात सहीला लागणारा वेळ विद्यापीठावर अवलंबून असतो आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात.

अर्जात चूक होते ती मुख्यतः दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे नाव. तुमच्या यादीत नुसतं 'टोमॅटो, चाळीस लाइन्स' असेल तर अर्ज परत येईल. प्रत्येक जात शास्त्रीय नावाने वेगळी लिहा. टोमॅटोला आज सोलॅनम लायकोपर्सिकम म्हणतात, पण जुन्या कागदांत लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम सापडतं. रानटी जातींची नावंही अशीच बदललीत. सोलॅनम हॅब्रोकायटिस हे पूर्वीचं लायकोपर्सिकॉन हिरसुटम. नवं आणि जुनं, दोन्ही लिहा. मग अर्ज, परवाना, प्रमाणपत्र आणि पाकिटावरचं लेबल या चारही ठिकाणी तेच नाव राहील याची काळजी घ्या. परवान्यावर एक नाव आणि प्रमाणपत्रावर दुसरं, एवढ्यावरून माल थांबतो आणि तपासणाऱ्याचं त्यात काही चुकत नाही. ही दोन नावं एकाच झाडाची आहेत हे त्याने गृहीत का धरावं?

दुसरं म्हणजे मूळ देश. बी नेदरलँड्सहून येतंय म्हणून तुम्ही तिथे 'नेदरलँड्स' लिहाल. पण ते बी पिकलं कुठे? युरोपातल्या प्रयोगशाळा आणि कंपन्या बियाण्याची वाढ बऱ्याचदा चिली, पेरू, थायलंड, चीन अशा ठिकाणी करून घेतात. बियाण्यावरचा रोग ते जिथे पिकलं तिथला असतो, साठवणीच्या कपाटातला नसतो. म्हणून फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावरची जादा घोषणा, म्हणजे अमुक रोगापासून हे बी मुक्त असल्याचं विधान, मूळ देशाला धरून असावं लागतं. दुसरीकडे पिकलेलं बी असेल तर पुनर्निर्यातीचं प्रमाणपत्र लागेल. चाळीसपैकी पस्तीस लाइन्स त्यांच्या स्वतःच्या काचघरातल्या आणि पाच बाहेरच्या असतील, तर ते पाच आधीच वेगळे काढायला सांगा.

टोमॅटोच्या बाबतीत हे जास्त गांभीर्याने घ्या. टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस इस्रायलमध्ये २०१४ मध्ये आणि जॉर्डनमध्ये २०१५ मध्ये दिसला आणि काही वर्षांत कितीतरी देशांत पोचला. टोमॅटोत अशा विषाणूंना रोखणाऱ्या टीएम-२ स्क्वेअर या जनुकावर आपण सगळे वर्षानुवर्षं विसंबून होतो, हा विषाणू त्याला जुमानत नाही. बियाण्याच्या सालीवर बसून येतो, रोपं लावताना हाताला, कात्रीला, सुतळीला लागतो आणि तसाच पुढच्या झाडावर जातो. टोमॅटोचं काम सगळं हातानेच चालतं. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत पट्ट्यात बांधणी आणि तोडणीला एकाच दिवसात एक मजूर किती झाडांना हात लावतो ते आठवा. म्हणून एका पाकिटासाठी इतके कागद लागतात. मला ते कधी जाचक वाटले नाहीत.

शेतकऱ्याच्या मालातून रोग येतो आणि संशोधकाच्या पाकिटातून येत नाही, असा समज असेल तर तो सोडा. १९८७ च्या सुमारास आपल्याकडे भुईमुगावर पीनट स्ट्राइप विषाणू आढळला तो संशोधन केंद्रांच्या प्लॉटमध्ये. बियाण्यातून पसरणारा विषाणू आहे तो. देशोदेशीचं जननद्रव्य शेजारी शेजारी लावायचं म्हटलं की आपले प्लॉटच पहिली वाट होतात.

परवान्यासोबत एक रंगीत टॅगही मिळतो. तो परवान्याच्या प्रतीसह नेदरलँड्सला पाठवायचा आणि पुडक्याच्या बाहेर लावायला सांगायचं. पुडक्यावर पत्ता तुमच्या विभागाचा नको, एनबीपीजीआरच्या संचालकांचा हवा. नाव आणि टॅग पाहून ते तपासणीसाठी तिकडे जातं. पाठवणाऱ्यांना हे विचित्र वाटतं आणि मदत म्हणून ते थेट तुमच्या नावाने पाठवून मोकळे होतात. म्हणून ईमेलमध्ये पत्ता वेगळ्या ओळीत, ठळक लिहा आणि लेबलचा फोटो काढून पाठवायला सांगा. फोटो बघून होकार दिल्याशिवाय पार्सल हलता कामा नये. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र माल निघण्याआधीच काढायचं असतं, मागाहून ते मिळत नाही. परवान्याची तारीख प्रमाणपत्राच्या आधीची असावी, कारण परवान्यावर ज्या अटी असतात त्याच तिकडच्या निरीक्षकाला प्रमाणित करायच्या असतात. सगळ्या प्रक्रियेत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा क्रम ठेवा.

दिल्लीत बी पोचल्यावर पुढे काय होतं याची बहुतेकांना कल्पना नसते, म्हणून 'अडकलंय' असं म्हणतात. ते अडकलेलं नसतं, त्याची तपासणी चालू असते. आधी डोळ्यांनी आणि भिंगाखाली बघतात : माती, तणाचं बी, किडका दाणा. दाण्याच्या आत लपलेल्या किडीसाठी क्ष-किरण छायाचित्र काढतात, ते कडधान्यांत फार उपयोगी पडतं. मग ब्लॉटर चाचणी. पेट्री डिशमध्ये ओल्या टिपकागदावर बिया अंतराने मांडतात, सुमारे २२ अंशांवर सात दिवस ठेवतात, बारा तास अतिनीलजवळचा प्रकाश आणि बारा तास अंधार. सातव्या दिवशी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बी फिरवून बघतात. अल्टरनेरिया या बुरशीच्या बीजाणूंच्या साखळ्या बियाण्यावर उभ्या दिसतात, सरावलेल्या नजरेला त्या लगेच कळतात. विषाणूंसाठी एलायझा आणि पीसीआर या प्रयोगशाळेतल्या चाचण्या. शंका आली तर ब्युरोच्या काचघरात रोपं वाढवून बघतात. आणि काही सापडलं म्हणजे बी जाळून टाकलं असंही नसतं. गरम पाण्याची प्रक्रिया, धुरी, बुरशीनाशक किंवा निरोगी झाडांचंच बी घेणं, असे वाचवायचे मार्ग आधी वापरतात.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. चाचण्यांत बी खर्च होतं, म्हणून प्रत्येक लाइनचं तुम्हाला हवं त्याच्या निदान दुप्पट मागा. रानटी जातींचं बी बारीक असतं, उगवण कमी असते आणि पाठवणारे मोजून वीस दाणे पाठवतात, तिथे तर आग्रहच धरा. दुसरं, बियाण्याला औषध लावून पाठवू का असं ते विचारतील. औषध लावलेल्या बियाण्यावर ब्लॉटरमध्ये बुरशी दबून राहते आणि चाचणीला अर्थ राहत नाही. तुमच्या परवान्यावर प्रक्रियेबद्दल जे लिहिलं असेल ते शब्दशः त्यांना कळवा, अंदाजाने हो-नाही करू नका.

किती वेळ लागेल हे पीक, देश, लाइन्सची संख्या आणि चाचणीत काय निघतं यावर ठरतं. दिवसांत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझा नियम असा की ज्या हंगामात लावायचं त्याच्या एक हंगाम आधी अर्ज गेलेला हवा आणि काचघरात वाढवून बघायची वेळ येईलसं वाटत असेल तर दोन हंगाम आधी. तुमच्या बाबतीत पहिली लागवड पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात धरा आणि संशोधन समितीसमोर तसंच वेळापत्रक मांडा. तोवर देशातल्या लाइन्सवर काम सुरू करता येईल. एनबीपीजीआरच्या जनुकपेढीत टोमॅटोच्या परदेशी लाइन्स आहेत, चाळीसपैकी काही तिथेच सापडल्या तर तेवढी यादी कमी होईल. हे आधी तपासा.

एखादी लाइन जनुकीय परावर्तित (जीएम) असेल तर सगळं बदलतं. मग संस्थेची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची जनुकीय बदलांवर देखरेख करणारी आरसीजीएम समिती, तिची मंजुरी आणि त्यानंतर परवाना. बी ब्युरोच्या बंदिस्त सुविधेत तपासलं जातं आणि त्यात टर्मिनेटर जनुक, म्हणजे पुढच्या पिढीचं बी उगवू न देणारं जनुक, नाही हेही बघतात. परदेशी प्रयोगशाळेत अशा लाइन्स रोजच्या कामातल्या असतात, त्यामुळे त्यांना सांगायचं सुचत नाही. तुम्हीच लेखी विचारा.

आता पानं. वाळलेलं पान म्हणजे जिवंत रोप नव्हे, पण वनस्पतीचा भाग आहेच, आणि त्यात बुरशीचे बीजाणू किंवा विषाणू टिकू शकतात. तुम्हाला ती पानं मार्कर लावून, म्हणजे डीएनएतल्या खुणांवरून जनुक ओळखून, बघायलाच हवी आहेत ना? मग पानं मागवूच नका. तिकडेच डीएनए काढून पाठवायला सांगा, वेगळ्या पाकिटात, लेटरहेडवरच्या पत्रासह : शुद्ध डीएनए, संसर्गजन्य नाही, त्यातून रोप वाढू शकत नाही, इतक्या नळ्या, इतके मायक्रोलिटर, संशोधनासाठी. नाही तर बी आल्यावर त्याचीच रोपं तुमच्याकडे असतील, त्यांची पानं घ्या.

बुरशीबद्दल मला जरा ठामपणे बोलायचंय. जिवंत सूक्ष्मजीव आणि कीटक यांचा परवाना एनबीपीजीआर देत नाही. तो फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयातले वनस्पती संरक्षण सल्लागार देतात. मिळत नाही असं नाही. गाजर गवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा याच वाटेने १९८३ मध्ये बंगळुरूला आला. तो सूर्यफुलासारख्या पिकांवर जाईल का हे बंदिस्त जागेत तपासलं गेलं आणि मगच तो बाहेर सोडला गेला. ते गवत स्वतः मात्र कोणाला न विचारता आलं. पुण्यात १९५०च्या दशकात त्याची नोंद झाली, आयात गव्हासोबत पसरलं असं मानतात, आणि आज ते कुठल्या बांधावर नाही?

पण तुमच्या कामाला ते परदेशी कल्चर लागतं का? तिसऱ्या रेसविरुद्धचं आय-३ जनुक सोलॅनम पेनेली या रानटी जातीतून आलेलं आहे आणि त्याचे मार्कर उपलब्ध आहेत. लाइनमध्ये जनुक आहे की नाही हे बुरशी न आणता कळेल. रोग लावून बघायचाच असेल तर मर लागलेली झाडं जुन्नर-संगमनेर भागातून गोळा करून स्वतः बुरशी वेगळी करा. तुमच्या वाणाला शेवटी त्याच बुरशीशी लढायचंय. ओळख पटवायला पुण्यात आघारकर संस्थेतला राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, संदर्भासाठी चंडीगडचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीव संग्रह आहे. आणि तिसऱ्या रेसवरची तुलना प्रबंधात हवीच असेल तर तेवढी चाचणी डच प्रयोगशाळेला त्यांच्या काचघरात करायला सांगा, लाइन्स त्यांच्याकडे आहेतच. परक्या रेसची नळी महाराष्ट्रातल्या टोमॅटो पट्ट्यात फ्रीजमध्ये ठेवायला मी तरी तयार होणार नाही, मग परवाना हातात असला तरी.

'दहा दाण्यांनी काय होतंय, कोणाला कळणार' असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. कळण्याचा मुद्दा सोडा. पुढे या लाइन्समधून काही चांगलं निघालं आणि वाण नोंदवायची वेळ आली, तर २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम १८ खाली वापरलेलं मूळ आनुवंशिक साहित्य कायदेशीरपणे मिळवलंय असं घोषणापत्र द्यावं लागतं. क्वारंटाइनमधून आलेल्या प्रत्येक लाइनला ब्युरो ईसी क्रमांक देतो, म्हणजे परदेशी संग्रहाचा क्रमांक. हा त्या लाइनचा जन्मदाखला आहे. तो नसलेली लाइन तुमच्या संकरात एकदा शिरली की तिच्या सगळ्या संततीला तो नाही. सहा-सात वर्षांचं पैदाशीचं काम त्या एका पाकिटामुळे नोंदणीच्या दारातून परत आलं तर भरपाई कोण देणार?

तेव्हा बी मिळेल त्या दिवशी ईसी क्रमांक, डच लाइन क्रमांक, परवाना क्रमांक आणि तारीख चारही एका रजिस्टरमध्ये लिहा. पाकिटावरही ईसी क्रमांक पेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओलाव्याने पसरते. पहिली लागवड शेतात नको, कीटकरोधक जाळीच्या आत करा, शक्यतो इतर टोमॅटोपासून लांब. कामाला वेगळे हातमोजे आणि कात्री ठेवा. पानावर ओळखीचं नसलेलं काही दिसलं, फळावर तपकिरी खरबरीत डाग दिसले, तर झाड उपटून उकिरड्यावर टाकू नका, फोटो काढून आधी मार्गदर्शकांना आणि ब्युरोच्या क्वारंटाइन विभागाला कळवा. आणि मित्रांना बी वाटू नका, परवान्यात जी संस्था लिहिलीय तिच्याच जबाबदारीवर ते आलंय.

एक मुद्दा क्वारंटाइनचा नाही, पण त्याच ईमेलमध्ये मिटतो. टोमॅटो आंतरराष्ट्रीय जननद्रव्य कराराच्या पहिल्या परिशिष्टातल्या पिकांत नाही, त्यामुळे त्या कराराखालचा साहित्य देवाणघेवाणीचा तयार प्रमाण करार तुम्हाला आपोआप लागू होत नाही. डच विद्यापीठ स्वतःचा साहित्य हस्तांतरण करार पाठवेल. त्यात या लाइन्सच्या संततीवर ते काय हक्क मागतात ते विद्यापीठाच्या कायदेशीर कक्षाकडून वाचून घ्या. आणि तुम्ही तयार केलेलं काही उलट तिकडे पाठवायचं ठरलं, तर जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं प्रकरण सुरू होतं, ते वेगळं.

आजच करायचं काम म्हणजे डच प्रयोगशाळेला एक ईमेल. त्यात विचारा : प्रत्येक लाइनचं पूर्ण शास्त्रीय नाव काय, बी कोणत्या देशात आणि कोणत्या वर्षी पिकलं, परावर्तित आहे का, किती ग्रॅम किंवा किती दाणे देता येतील, बियाण्याला काही लावलंय का, आणि तुमच्या देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेकडून प्रमाणपत्र काढायची व्यवस्था तुमच्याकडे आहे का. सोबत एवढंच सांगा की परवाना मी पाठवेपर्यंत काहीही पाठवू नका. उत्तर आलं की अर्ज भरायला बसा. एखाद्या लाइनचा मूळ देश त्यांनाच ठाऊक नसेल, तर ती लाइन या खेपेला वगळा आणि बाकीच्यांचा अर्ज पुढे जाऊ द्या.